हनुवटीवरचा हिशोब

लग्नाचा मोसम जवळ आला की रिक्षांच्या पाठीवर, लोकलच्या डब्यात आणि मोबाइलच्या पडद्यावर एक जाहिरात हमखास भेटते: नको असलेल्या केसांपासून कायमची सुटका, सहा सिटिंगमध्ये, तीही सवलतीत. गुळगुळीत हात, हसरा चेहरा, कोपऱ्यात एक लहानशी चांदणी. त्या चांदणीचा खुलासा तळाशी इतक्या बारीक अक्षरात छापलेला असतो की तो कुणी वाचू नये अशीच छापणाऱ्याची इच्छा असावी. जाहिरातीत आकडा रुपयांचा असतो. महिन्यांचा नसतो, वर्षांचा तर नसतोच.

क्लिनिकमधल्या काउन्सेलर बाईंचा युक्तिवाद ठरलेला असतो. त्या कॅल्क्युलेटर पुढे ओढतात. वॅक्सिंग, थ्रेडिंग, ब्लीच मिळून महिन्याला हजार रुपये जातात ना? म्हणजे वर्षाला बारा हजार आणि वीस वर्षांत दोन लाख चाळीस हजार. त्यासमोर साठ-सत्तर हजारांचं पॅकेज स्वस्तच दिसणार. वर बिनव्याजी हप्त्यांची सोय. ही आकडेमोड खोटी नाही, अर्धवट आहे. लेझर झालं की पार्लरची पायरी कायमची सुटली असं त्यात धरलेलं असतं. प्रत्यक्षात बारीक, भुरी लव लेझरला दाद देत नाही, त्यामुळे थ्रेडिंग पूर्णपणे थांबतंच असं नाही. पॅकेज संपल्यावर वर्षा-सहा महिन्यांनी लागणारी ‘टच-अप’ सिटिंग कॅल्क्युलेटरवर येत नाहीत. आणि बाईचा वेळ तर कुणी मोजतच नाही.

तो मोजायला हवा, कारण हा सगळा व्यवहार मुळात वेळेचा आहे.

अंगावरचे केस ज्वारीच्या रानासारखे एकदम उगवत नाहीत आणि एकदम कापणीला येत नाहीत. प्रत्येक केसाचं वेळापत्रक वेगळं. तो काही काळ वाढतो, मग आक्रसतो, मग नुसता पडून राहतो आणि शेवटी गळून नव्या केसाला जागा करून देतो. लेझरचा प्रकाश केसातला काळा रंग शोषून घेतो आणि त्या उष्णतेनं मूळ भाजून निघतं, पण केस वाढीच्या टप्प्यात असेल तर. विश्रांती घेत पडलेलं मूळ त्या दिवशी वाचतं आणि दोन महिन्यांनी डोकं वर काढतं. म्हणून चेहऱ्यासाठी चार ते सहा आठवड्यांनी आणि हातापायांसाठी सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा बोलावलं जातं. सहा-आठ सिटिंग धरली तर वर्ष गेलं. यंत्र कितीही महागडं असो, केसाला घाई करता येत नाही.

आता एका सिटिंगचा वेळ पाहा. नाशिकरोडला राहणारी एखादी शिक्षिका कॉलेज रोडवरच्या क्लिनिकमध्ये वरचा ओठ आणि हनुवटीसाठी जाते असं धरू. लेझर चालतं जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. त्याआधी बधिर करणारं मलम लावून अर्धा-पाऊण तास बसायचं, त्याआधी आपला नंबर येण्याची वाट पाहायची, नंतर बर्फ लावून लाली उतरेपर्यंत थांबायचं, आणि जाण्यायेण्याची वाहतूक आहेच. पंधरा मिनिटांच्या उपचाराला शनिवारची अख्खी दुपार जाते. पुढचे काही दिवस ऊन टाळायचं. उन्हानं काळवंडलेल्या त्वचेवर लेझर मारणं धोक्याचं, म्हणून पुढच्या सिटिंगच्या आधीचे आठवडेही उन्हापासून जपायचं. पुण्यात दुचाकीवरून जाणाऱ्या मुली डोळ्यांपुरती फट ठेवून चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळतात, त्यांना हे त्यातल्या त्यात सोपं. मे महिन्यात चंद्रपूरला किंवा जळगावला बसथांब्यावर उभं राहणाऱ्या बाईला हे पथ्य कसं पाळायचं, ते जाहिरातीतला हसरा चेहरा सांगत नाही.

केस कायमचे घालवण्याची धडपड लेझरच्या कितीतरी आधीची आहे, आणि तिची सुरुवात सौंदर्याच्या हौसेतून झालेली नाही. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातले नेत्रवैद्य चार्ल्स मिशेल यांच्याकडे पापणीचे केस आत वळून बुबुळाला टोचणारे रुग्ण येत. उपटलेला केस पुन्हा येई, पुन्हा टोचे. १८७५ मध्ये मिशेल यांनी बॅटरीला जोडलेली बारीक सुई केसाच्या मुळाशी नेऊन विजेच्या प्रवाहानं ते मूळच मारण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तीच इलेक्ट्रोलिसिस. १९२४ मध्ये फ्रान्सच्या लिऑन शहरातल्या आंरी बोर्दिए यांनी उच्च वारंवारतेच्या प्रवाहाच्या उष्णतेवर चालणारी जलद रीत आणली आणि १९४० च्या दशकात अमेरिकेत या दोन्हींचा मेळ घालणारं यंत्र तयार झालं. दीडशे वर्षं झाली, पण अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन ‘केसांचं कायमचं निर्मूलन’ हा दावा आजही या एकाच पद्धतीला मान्य करतं. लेझरला त्यांची परवानगी आहे ती केसांच्या संख्येत टिकाऊ घट होते एवढं म्हणण्यापुरती. आपल्याकडच्या जाहिराती ‘यूएस एफडीए मान्यताप्राप्त’ हे शब्द ठसठशीत छापतात आणि मान्यता नेमकी कशाला आहे ते गिळून टाकतात.

मग सगळेच इलेक्ट्रोलिसिस का करून घेत नाहीत? उत्तर पुन्हा घड्याळात आहे. सुई एका वेळी एकाच केसाला. पूर्ण वाढलेल्या पुरुषी दाढीत दहा हजारांहून अधिक केस सहज असतात. हात बसलेली कारागीर मिनिटाला पाच केस घेते असं धरलं तरी दहा हजार केसांवरून एकदा सुई फिरवायला तेहतीस तास लागतात. पण एका फेरीत काम होत नाही. काही मुळं वाचतात, काही केस त्या वेळी पृष्ठभागावरच नसतात. दाढीसाठी शंभराहून अधिक तास आणि दोन-तीन वर्षं लागली तर या क्षेत्रातल्या कुणाला नवल वाटत नाही. हनुवटीवरचे पंधरा-वीस राठ केस काढायचे असतील तर मात्र हीच पद्धत उत्तम आणि कदाचित सर्वांत स्वस्तही. पांढऱ्या झालेल्या केसांना तर दुसरा इलाजच नाही, कारण पांढऱ्या केसात लेझरला पकडायला रंगच उरलेला नसतो. पाळी गेल्यानंतर हनुवटीवर उगवणाऱ्या पांढऱ्या केसांसाठी लेझरचं पॅकेज विकणं ही सरळ फसवणूक आहे. दुर्दैवानं सुईवर बसून हे किचकट काम करणारी माणसं आपल्याकडे शोधावी लागतात. तासन् तास वाकून एकेक केस टिपण्यापेक्षा यंत्राचं बटण दाबण्यात मिळकत जास्त आहे.

वेळ वाचवण्याच्या हव्यासानं या इतिहासात एक भयंकर वळणही घेतलं. १८९६ मध्ये, क्ष-किरणांचा शोध लागल्याला जेमतेम वर्ष होत असताना, व्हिएन्नाच्या लिओपोल्ड फ्रॉइंड यांनी पाठीवर केसाळ जन्मखूण असलेल्या एका लहान मुलीला हे किरण दिले. केस गळाले, नंतर त्वचेवर जखमा झाल्या. तरी १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या डॉ. अल्बर्ट गायसर यांची ‘ट्रायको’ यंत्रं अमेरिकेतल्या ब्यूटी पार्लरांत बसलीच. ना सुई, ना वेदना. बाईनं खुर्चीत बसायचं, काही मिनिटं यंत्र गुणगुणणार आणि काही फेऱ्यांत केस गायब. हजारो बायका रांगेत उभ्या राहिल्या. त्वचा सुरकुतली, पांढरी पडली, व्रण उठले, आणि कित्येकींना काही दशकांनी कर्करोग झाला. अमेरिकी वैद्यक संघटनेनं १९२९ मध्येच या पद्धतीचा निषेध केला होता. त्याच सुमारास ‘कोरेमलू’ नावाचं एक मलम खपत होतं. त्यात थॅलियम हे विष होतं, तेच ज्यानं तेव्हा उंदीर मारत. केस जायचे खरे, पण बायकांच्या पायांतली शक्तीही जायची, दृष्टीही अधू व्हायची. आजची लेझर यंत्रं या जातीची नाहीत, त्यांच्यापासून कर्करोग होतो असं मानायला आधार नाही. तरीही ‘झटपट, वेदनारहित, कायम’ हे तीन शब्द एकत्र आले की हात आखडता घ्यावा, एवढं ट्रायकोच्या खुर्चीनं शिकवून ठेवलेलं आहे.

लेझरचा जन्म आधुनिक आहे. १९८३ मध्ये रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या अमेरिकी त्वचाविज्ञांनी ‘सायन्स’ नियतकालिकात एक सिद्धांत मांडला. योग्य तरंगलांबीचा प्रकाश योग्य तेवढ्याच क्षणापुरता टाकला तर भोवतालच्या ऊतींना धक्का न लावता फक्त रंगीत लक्ष्य तापवता येतं. १९९६ मध्ये अँडरसन यांच्याच गटानं रूबी लेझरनं केसांची मुळं दुखावून दाखवली. त्या प्रयोगात तेरा स्वयंसेवक होते, सगळे गोऱ्या कातडीचे आणि काळ्या केसांचे. गोम इथेच आहे. लेझरला रंग दिसतो. तो केसातला आहे की कातडीतला हे कळत नाही. गोऱ्या कातडीतल्या काळ्या केसावर त्याचा नेम अचूक लागतो. सावळ्या कातडीत मात्र रंग दोन्हीकडे असतो आणि केसाआधी कातडीच भाजण्याचा धोका राहतो. त्वचेचे प्रकार मोजण्याची जगभर वापरली जाणारी फिट्झपॅट्रिक मोजपट्टी १९७५ मध्ये बनली तेव्हा तिच्यात फक्त गोऱ्या त्वचेचेच प्रकार होते. तपकिरी आणि काळ्या त्वचेसाठी पाचवा-सहावा प्रकार नंतर जोडला गेला. बहुसंख्य भारतीय चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडतात.

यावर उपाय निघाले. ७५५ नॅनोमीटरचं अलेक्झांड्राइट, ८०० च्या आसपासचं डायोड आणि १०६४ चं एनडी-याग. तरंगलांबी वाढली की प्रकाश त्वचेतल्या रंगाला चुकवून खोल जातो. म्हणून सावळ्या त्वचेसाठी १०६४ चं यंत्र सर्वांत सुरक्षित मानतात, मात्र बारीक केसांवर ते तितकं जोरकस नाही. म्हणजे सिटिंग वाढणार, खर्च वाढणार. क्लिनिकमध्ये शिरलेल्या बाईनं विचारायचा पहिला प्रश्न ‘ऑफर काय आहे’ हा नसून ‘यंत्र कोणतं आहे आणि ते माझ्या त्वचेला चालतं का’ हा आहे. किती जणी विचारतात? आणि विचारलं तर समोरच्याला उत्तर येतं का? अनेक ठिकाणी यंत्रामागे उभी असलेली मुलगी एखादं छोटं प्रशिक्षण घेऊन आलेली असते आणि डॉक्टर फक्त पाटीवर असतात. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००८ मध्येच लेझरनं केस घटवण्याची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली होती. रुग्णाला आधी नीट समजावून सांगा, लेखी संमती घ्या, असं त्यांत आहे. त्यांचं शीर्षकही ‘घटवण्या’विषयी बोलतं. ती पाळण्याची सक्ती मात्र रस्त्यावरच्या प्रत्येक ‘स्किन स्टुडिओ’वर कुणी करत नाही.

उपचाराचा उपयोग किती? अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २००६ च्या कॉक्रन आढाव्यात ११ चाचण्या आणि ४४४ माणसं होती. अलेक्झांड्राइट आणि डायोड लेझरनं सहा महिन्यांपर्यंत केस साधारण निम्म्यानं घटलेले दिसले. त्यापुढच्या काळाबद्दल ठोस पुरावा फारसा हाती आला नाही. यंत्रं तेव्हापासून सुधारली आहेत, तरी ‘शंभर टक्के’ आणि ‘आयुष्यभर’ हे शब्द तेव्हाही पुराव्यात नव्हते, आजही नाहीत. काही जणींमध्ये उलटंच घडतं. लेझर मारलेल्या जागेच्या कडेला, जबड्याखाली किंवा मानेवर, जिथे आधी मऊ लव होती तिथे राठ केस येऊ लागतात. संप्रेरकांचा तोल बिघडलेल्या, सावळ्या त्वचेच्या बायकांमध्ये हे अधिक दिसतं, म्हणजे आपल्याकडच्या क्लिनिकांत सर्वाधिक येणाऱ्या गिऱ्हाइकांमध्येच.

हे वाचून कुणी लेझरच्या नावानं बोटं मोडू लागेल तर तेही चूक. २००५ मध्ये ब्रिटनमधल्या एका चाचणीत पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) हा संप्रेरकांचा विकार असलेल्या आणि चेहऱ्यावर दाट केस असलेल्या ८८ बायकांना दोन गटांत विभागलं. एका गटाला पूर्ण ताकदीचा लेझर, दुसऱ्याला नाममात्र ताकदीचा. उपचारांआधी पहिल्या गटातल्या बायका चेहऱ्यावरचे केस काढण्यात आठवड्याला सरासरी ११२ मिनिटं घालवत होत्या. वर्षाला गुणा: सुमारे सत्त्याण्णव तास. कामाच्या दिवसांत मोजलं तर बारा दिवस, निव्वळ आरशासमोर, चिमटा हातात घेऊन. उपचारांनंतर हा वेळ आठवड्याला २१ मिनिटांवर आला आणि नैराश्य व चिंतेच्या गुणांकांतही ठळक उतार दिसला. केस पूर्ण गेले नाहीत, पण वर्षाचे ऐंशी-एक तास परत मिळाले. लेझरचा खरा, प्रामाणिक फायदा हा आहे, आणि गंमत म्हणजे जाहिराती नेमका हाच सांगत नाहीत.

पीसीओएस असलेल्या मुलीच्या हनुवटीवरचे केस ही हौसेची बाब नाही. स्टाइन आणि लेव्हेंथॉल या शिकागोच्या डॉक्टरांनी १९३५ मध्ये वर्णन केलेला हा विकार आज स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ओपीडीत रोज दिसतो: पाळी अनियमित, वजन वाढतं, मुरुमं, आणि ओठावर-हनुवटीवर पुरुषी वळणाचे केस. आतली संप्रेरकं आवरली नाहीत तर लेझरनं मारलेल्या मुळांशेजारची निद्रिस्त मुळं जागी होत राहतात. गोळ्या, वजन आणि लेझर हे तिन्ही एकत्र चालवावं लागतं. इतरांना सहा-आठ सिटिंग पुरतात तिथे या मुलींना अधिक लागतात, आणि पुढेही अधूनमधून जावं लागतं. ज्या क्लिनिकमध्ये पाळीबद्दल एक प्रश्नही न विचारता पॅकेज विकलं जातं, तिथून उठून यावं. सगळ्याच बायका हा रस्ता धरतात असंही नाही. पीसीओएसमुळे वयाच्या अकरा-बाराव्या वर्षापासून दाढी येऊ लागलेल्या ब्रिटनच्या हरनाम कौर यांनी वर्षानुवर्षं वॅक्सिंग, ब्लीच, वस्तरा हे सगळं केलं, टोमणे सोसले, आणि सोळाव्या वर्षाच्या सुमारास ते सगळं सोडून दाढी राखली. पुढे गिनीज बुकात त्यांची नोंद झाली. त्यांच्यासारखं धैर्य प्रत्येकीकडून मागणं मात्र दुसऱ्या टोकाची जबरदस्ती होईल.

लेझरच्या काळातलं एक पथ्य मराठी घरांत विशेष गाजतं. उपचार चालू असताना केस उपटायचा नाही, कारण मूळच नसेल तर लेझर तापवणार काय? म्हणजे वॅक्स बंद, थ्रेडिंग बंद, चिमटा बंद. चालतं ते फक्त रेझर. बाईनं तोंडाला वस्तरा लावायचा या कल्पनेनंच घरात वादळ उठतं; केस जाड होतील, दाढी येईल, लग्न कसं जमेल. वास्तविक मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीरशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ मध्येच केस मोजून-मापून दाखवलं होतं की वस्तऱ्यानं केसाची जाडी, रंग किंवा वाढीचा वेग बदलत नाही. त्याही सेंट लुईसच्याच. (त्या गावाला केसांचं काय वेड होतं कोण जाणे.) शंभर वर्षं होत आली, तरी ही समजूत मरत नाही, आणि कित्येक मुली घरच्यांच्या धाकानं मधूनच थ्रेडिंग करून येतात. त्यांचं एक सिटिंग, म्हणजे दीड महिना आणि दीड-दोन हजार रुपये, पाण्यात जातं.

हा वेळ सर्वांत महाग पडतो तो तृतीयपंथी आणि ट्रान्स स्त्रियांना. हिजडा समाजात दाढीचे केस चिमट्यानं एकेक करून उपटण्याची जुनी रीत आहे. रोज सकाळी तासभर, वर्षानुवर्षं. त्यानं त्वचेवर काळे डाग पडतात, मुळं वाकडी होतात आणि पुढे सुई त्या मुळाशी नेणं अवघड होतं. लेझर किंवा इलेक्ट्रोलिसिस करायचं ठरवलं तर आधी चिमटा थांबवून खुंट वाढू द्यावे लागतात. साडी नेसून, बाई म्हणून नोकरीवर जाणाऱ्या व्यक्तीनं चार दिवसांची दाढी घेऊन कचेरीत बसायचं, याचा हिशोब कोणत्या पॅकेजमध्ये बसतो? आणि दाढीचे केस संप्रेरकांच्या गोळ्यांनी जात नाहीत, फार तर जरा मऊ पडतात. शस्त्रक्रियेची चर्चा सगळे करतात. पण ज्या गोष्टीवरून रस्त्यात माणसं वळून पाहतात, ती ही दाढी.

सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात तृतीयपंथी व्यक्तींचा स्वतःची ओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी त्या खटल्यात बाजू मांडणाऱ्यांत होत्या. त्यानंतर आलेल्या २०१९ च्या तृतीयपंथीयांविषयीच्या कायद्यातल्या पंधराव्या कलमात शस्त्रक्रिया आणि संप्रेरकांच्या जोडीला ‘लेझर उपचार’ हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. या खर्चाला सर्वंकष विम्याचं संरक्षण द्यावं असं ते कलम म्हणतं. त्याच २०१९ मध्ये विमा नियामकानं आरोग्य विम्यातून काय वगळता येईल याची प्रमाणित यादी काढली. तिच्यात आठव्या क्रमांकावर रूप बदलणारे कॉस्मेटिक उपचार आहेत आणि सातव्या क्रमांकावर लिंगबदलाशी संबंधित उपचार. एका हातानं लिहायचं आणि दुसऱ्या हातानं खोडायचं, हे एवढ्या उघडपणे क्वचितच दिसतं. पीसीओएसची मुलगी आठव्या क्रमांकात अडकते, ट्रान्स स्त्री सातव्यात. दोघींनाही शेवटी जावं लागतं त्या सवलतीच्या पॅकेजकडेच.

म्हणून सगळा रोख पॅकेजवर हवा. मॅरिको कंपनीनं २००२ मध्ये मुंबईत ‘काया’ ही त्वचा क्लिनिकांची साखळी सुरू केली, तेव्हापासून त्वचेचं क्लिनिक हा मॉलमधल्या दुकानासारखा ओळखीचा प्रकार झाला. त्यात वाईट काही नाही. पूर्वी हे उपचार मोजक्या श्रीमंतांपुरते होते, ते मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. बिघडलं ते पैसे घेण्याच्या रीतीत. निकाल बाईच्या संप्रेरकांवर, तिच्या त्वचेवर, केसांच्या चक्रावर अवलंबून, पण पैसे मात्र सगळे आधी. पैसे हातात पडले की ग्राहकाला जपण्याचं कारण संपतं. मग अपॉइंटमेंट तीन आठवडे पुढे ढकलल्या जातात, दोन सिटिंगमधलं अंतर ताणलं जातं, शिकाऊ हात यंत्र धरतात. पॅकेजला वर्षाची मुदत असते. त्यात बदली झाली, परीक्षा आली, दिवस राहिले (गरोदरपणात हे उपचार थांबवतातच) तर उरलेली सिटिंग बुडाली. हप्त्यांवर घेतलं असेल तर कर्ज वित्त कंपनीचं असतं. क्लिनिकला कुलूप लागलं तरी हप्ता कापला जात राहतो.

क्लिनिकवाल्यांचीही बाजू आहे. यंत्राची किंमत लाखांत, जागेचं भाडं वेगळं, आणि पैसे आधी न घेतल्यास बायका दोन सिटिंगनंतर येणं सोडतात, मग निकाल दिसत नाही आणि बदनामी क्लिनिकची होते. मुद्दा पोकळ नाही. पण दातांना तारा लावणारे डॉक्टरही दीड-दोन वर्षांचा उपचार करतात, त्यांचीही उपकरणं महाग असतात, आणि त्यांच्यातले कितीतरी जण भेटीगणिक पैसे घेतात. रुग्ण टिकतो तो फरक दिसतो म्हणून. चौथ्या सिटिंगलाही ओठावर तेवढेच केस असतील, तर पाचव्याला न येण्याचा हक्क बाईला हवा, आणि पाचव्याचे पैसे तिच्याच पर्समध्ये राहायला हवेत.

राज्य सरकारला यात करता येण्याजोगं बरंच आहे, आणि त्याला फार खर्चही नाही. लेझरच्या प्रत्येक केंद्रानं पहिल्या भेटीत एक छापील कागद द्यावा, मराठीत. त्यावर यंत्राचा प्रकार आणि तरंगलांबी, यंत्र चालवणाऱ्याची पात्रता, अपेक्षित सिटिंग आणि त्यांतलं अंतर, पुढची दोन-तीन वर्षं लागणाऱ्या टच-अपचा अंदाज, आणि केस ‘घटतील’, ‘जातील’ नव्हे, हे वाक्य. आगाऊ पैसे दोन सिटिंगच्या पुढे घेऊ नयेत. उरलेल्या सिटिंगचे पैसे मागता क्षणी परत. पीसीओएसचं निदान असलेल्या मुलींसाठी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचा विभागांत माफक दरात १०६४ चं यंत्र उपलब्ध असावं आणि तृतीयपंथीयांसाठी कायद्यातले शब्द विम्याच्या यादीत उतरावेत. यातला एकही मुद्दा क्रांतिकारक नाही, म्हणूनच कदाचित कुणाला सुचत नाही.

खोट्या दाव्यांना चाप लावता येतो, याचं उदाहरण ताजं आहे. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं व्हीएलसीसी या सौंदर्यसेवा कंपनीला तीन लाख रुपयांचा दंड केला. विषय केसांचा नव्हता, चरबी गोठवणाऱ्या यंत्राचा होता. पण दोष ओळखीचाच, अमेरिकी मान्यतेचं नाव घेऊन तिच्यापलीकडचे दावे करणं. हाच चष्मा लावून प्राधिकरणानं लेझरच्या जाहिराती वाचल्या तर त्यांना वर्षभर दुसरं काम उरणार नाही.

तोवर ज्यांचे पैसे अडकले आहेत त्यांनी पावती, व्हॉट्सॲपवरचे ‘गॅरंटी’चे संदेश आणि जाहिरातीचं चित्र जपून ठेवावं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. शिवाय २०१९ च्या ग्राहक कायद्यानं तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करण्याची मुभा दिली आहे. पुण्यात शिकताना घेतलेल्या पॅकेजची तक्रार लातूरला परतलेल्या मुलीला लातुरातच करता येते, आणि उत्तर द्यायला क्लिनिकला तिच्या गावी यावं लागतं.